दोन्ही पाय पायडलवर

३ जानेवारी २००८, खोडद

नारायणगावचा दोऱ्याचा दुकानदार दरवर्षी डायरी देतो आणि दरवर्षी मी तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहिते. यंदा ठरवलं, मापं जुन्या वहीत राहू देत, ही माझी. पुण्याच्या आहारवाल्या बाईंनीही सांगितलंय, काय खाल्लं, काय सोसलं ते लिहीत जा.

तर आधी हे लिहून टाकते. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका दवाखान्यात माझं जठर कापून लिंबाएवढं केलं आणि आतडं वर ओढून त्याला जोडलं. लिंबाएवढ्या पोटाची बाई अख्ख्या खोडदमध्ये मी एकटीच. बाकी गावाची पोटं जशीच्या तशी आहेत आणि ती सगळी मिळून माझ्या पोटाबद्दल बोलतात.

बोलू देत. मी शिवणकाम करते, बायकांचं बोलणं मशीनच्या आवाजात कसं बुडवायचं ते मला येतं. दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या मला माझ्याच कमरेला टेप पुरत नव्हता, तेव्हा कुणी दोन टेप जोडून द्यायला आलं नव्हतं. पण मी ऑपरेशन दिसण्यासाठी केलेलं नाही. माझी आई साखरेने गेली. आधी तिचा डावा पाय गेला, गुडघ्याखालून. तळव्याला जखम झालेली तिला कळलीच नाही, कारण पायांचं कळणंच बंद झालं होतं. माझी साखर वर चढायला लागली तेव्हा मी ठरवलं, मरायचं तर दोन्ही पायांसकट.

घरात मनापासून हो म्हणाला तो फक्त रत्नदीप, माझा नवरा. (तोंडावर 'अहो', डायरीत रत्नदीप.) तो गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला आहे, त्या थोरल्या अँटेनांची देखभाल करतो. दिवसभर आकाशाचं ऐकणाऱ्या यंत्रांजवळ राहून तो स्वतः फार कमी बोलायला शिकलाय. म्हणाला, "तुझं शरीर हाय, तू ठरव."

सासूबाई आक्काबाई. मी आत्या म्हणते. मला दवाखान्यातून घरी आणल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "आमचा सगळा जल्म प्वाट भरायच्या मागं गेला. दुष्काळात सुकडी खाऊन दिस काढलं. अन् ही बाय हौसेनं प्वाट कापून आली."

११ जानेवारी

गाळलेलं वरण, चार चमचे. मऊ केलेलं पनीर, दोन चमचे. सोसलं.

नियम पुष्कळ आहेत. घास बारीक, चावून पाणी करायचा. पोट भरलं असं वाटायच्या आत थांबायचं. सगळ्यात अवघड नियम म्हणजे जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. आत्यांना हे काही केल्या पटत नाही. त्यांनी सवयीने तांब्या माझ्या ताटाशी ठेवला.

"आत्या, मला पाणी चालत न्हाई जेवताना."

"अन् ठसका लागला मंग?"

"न्हाई लागणार."

"तांब्या ऱ्हाऊ दे जवळ. तुझं काय खातोय त्यो?"

तांब्या राहिला. आता रोज त्याच्याकडे बघत जेवते.

२७ जानेवारी

काल येडगावला रत्नदीपच्या चुलत भावाच्या मुलीचं बारसं होतं. जायचं नव्हतं, पण न गेले असते तर 'ऑपरेशनची बाई खाटेला खिळली' असं झालं असतं. म्हणून नवी साडी नेसून गेले.

जेवणाच्या पंगतीत माझं ताट म्हणजे गावाचा तमाशा. वाढणारी प्रत्येकजण माझ्यापाशी थांबली. मी हात आडवा धरला, पदर आडवा धरला. शेवटी रत्नदीपची चुलती गोजरबाई बुंदीचा लाडू घेऊन पुढ्यात उकिडवी बसली. "यशोधरा, माझ्या हातचा येक घास. न्हाई म्हणशील तर मी ही उठली अन् ही चालली." सत्तरीची बाई, हात थरथरतोय, सगळी पंगत बघतेय. घेतला घास. मग दुसराही घेतला, कारण एक घास भरवून आपल्याकडे कुणी थांबत नाही.

थोड्याच वेळात घाम फुटला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी. परक्या घरात, बाळाच्या झोळीखाली आडवी झाले. गोजरबाई म्हणायला लागल्या, दृष्ट लागली पोरीला, मीठ-मिरची आणा. आणि आमच्या आत्या, ज्या मला घरी एक शब्द गोड बोलत नाहीत, त्या कडाडल्या, "दिष्ट बिष्ट काय बी न्हाई. लाडू लागलाय तिला. सरका, वारं येऊ द्या."

गोड असं झटकन खाल्लं की असंच होतं, हे पुण्याच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. चूक माझी. इथून पुढे कुणाचा हात थरथरो नाहीतर कुणी रडो, लाडू नाही म्हणजे नाही.

१२ फेब्रुवारी

आज माझे स्वतःचे ब्लाऊज उसवून आत घेतले. दोन्ही बाजूंनी चांगला टीचटीचभर कपडा निघाला. मशीन आणि कपाट यांच्यामधल्या फटीतून मी आज सरळ गेले. अंग चोरलं नाही, कपाट सरकवलं नाही. मग उगाच परत आले आणि परत गेले. प्रज्ञा कॉलेजातून आली तेव्हा तिसऱ्यांदा जात होते. लेक म्हणाली, "मम्मी, काय हरवलंय का?" मी म्हणाले, हरवलंय ना, निम्मी मम्मी!

आणखी एक. महिला मंडळाच्या लंकाबाई येऊन गेल्या. यंदा चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्याजणी पांढरी साडी आणि एकसारखा निळा ब्लाऊज घालणार. सगळे ब्लाऊज मी शिवायचे. लंकाबाईंनी माझ्याकडे वरून खाली बघत विचारलं, "जमंल ना गं? म्हंजी तुझं हे असं." जमेल म्हणजे काय, माझ्यासारखी टीप मंचरपर्यंत कुणाची पडते दाखवा. तसंच म्हणाले त्यांना.

दुपारी आमटीत कुस्करलेली भाकरी खाऊन बघितली, तीन घास. ते घशाखाली कुठेतरी अडकून बसले आणि मग वर आले. घाई झाली माझी.

२४ फेब्रुवारी

भाकरी सोडली. मऊ भात सोडला. आता वरणसुद्धा वर येतं. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि मग मोरीकडे पळायचं. कधीकधी साधं पाणीही परत येतं.

माझीच जीभ चोरटी. नक्की कुठेतरी घास मोठा घेतेय, कुठेतरी घाई करतेय. एवढ्या वर्षांची खादाड बाई दोन महिन्यांत कशी सुधारेल? म्हणून घास आणखी कमी केलेत. दवाखान्याने रोज घ्यायला दिलेल्या ताकदीच्या गोळ्या भल्यामोठ्या आहेत, त्या गिळल्या की हमखास उलटी, म्हणून त्याही सध्या बंद. पोट शांत झालं की परत सुरू करीन.

पुण्याहून बाईंचा फोन आला होता. "उलट्या वगैरे?" मी म्हणाले, नाही, सगळं ठीक. एका दिवसाच्या वर उलट्या टिकल्या तर ताबडतोब या, असं त्यांनी घरी सोडताना सांगितलं होतं, ते मला आठवतंय. पण गेले की काय होणार? सगळं गाव म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आणि आत्या काही म्हणणार नाहीत, नुसत्या बघतील. ते मला सोसायचं नाही.

आत्यांचं एक नवीन सुरू झालंय. जेवताना अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठतात. एवढी सुकडीच्या दिवसांतली बाई, जिने कधी दाणा टाकला नाही. मला टोमणा आहे तो, न बोलता मारलेला. शिवाय मोरीपाशी त्यांची सारखी उठबस चालू असते. पिंप मी रिकामं केलं की भरलेलं सापडतं, मोरी धुतलेली असते. माझ्यावर पाळत आहे, दुसरं काय!

७ मार्च

मशीन बिघडलं. निळे ब्लाऊज निम्मेही झालेले नाहीत आणि हे आत्ताच बिघडायचं होतं. चालता चालता मध्येच धावतं, मध्येच अडतं. टीप सरळ जात नाही. मी इतकी वर्षं शिवतेय, डोळे मिटूनसुद्धा टीप सरळ घालीन. आज लंकाबाईच्या बाहीची टीप नागमोडी गेली.

भागूला निरोप पाठवला. मशीन दुरुस्तीला सगळ्या पंचक्रोशीत तोच फिरतो. आला, तेल घातलं, फिरकी साफ केली, गेला.

१६ मार्च

परत तेच. भागूला परत बोलावलं. म्हटलं, पट्टा बदल, सैल झालाय. त्याने नवा पट्टा घातला. मी बसले, टीप वाकडी. तो म्हणाला, "वहिनी, जरा उठा." स्वतः बसला, एक चिंधी घेतली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारल्यासारखी टीप घातली.

"मशीनला काय बी झालं न्हाई, वहिनी. लोण्यावानी चालतंय."

"मंग माझ्याच हातात का अडतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली माझ्या पायांकडे बघितलं, आणि म्हणाला, "दमला असाल. इसावा घ्या चार दिस."

अंगाचा तिळपापड झाला. ऑपरेशन झालेल्या बाईला जो तो विसावा सांगतो. म्हटलं, तुला दुरुस्ती येत नसेल तर तसं सांग. बिचारा हत्यारं गोळा करून गेला. पायडलच घासलं असणार, दुसरं काही नाही. त्याच्यावर पाय ठेवला की खाली लोखंड आहे की कापूस, हेच समजत नाही. लोखंड गुळगुळीत झालं की असंच होतं.

२३ मार्च

हे लिहायचं नव्हतं. पण डायरी माझी आहे, तिच्याशी काय खोटं बोलायचं?

पायडल घासलेलं नाही. पायांना मुंग्या येतात, बोटांपासून घोट्यापर्यंत. दोन्ही पायांना. आधी वाटलं बसून बसून होतंय. पण सकाळी उठल्यावरही तसंच. फरशी गार आहे की नाही ते बघायला आज हात लावावा लागला.

आईचं असंच सुरू झालं होतं.

म्हणजे साखर परत आली. पोट कापलं, आतडं जोडलं, तरी आली. तपासून घ्यायचा धीर होत नाही. नारायणगावला जाऊन बोटाला सुई टोचून घ्यायची आणि त्या यंत्रावर आकडा बघायचा, तो मला सांगणार की सगळं फुकट गेलं. नाही बघायचा मला. त्यापेक्षा जे माझ्या हातात आहे ते करते. वरणाचे चार चमचे होते, ते दोन केले. दूध बंद, त्यात साखर असते म्हणतात. पनीर तसंही ठरत नाही. साखरेला खायलाच मिळालं नाही तर ती कुठवर टिकेल?

रत्नदीप म्हणाला, "लई वाळलीस गं." मी म्हणाले, त्याचसाठी केलं होतं ना. तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा आज पहिल्यांदा राग आला.

३१ मार्च

सुईत दोरा ओवायला बसले तर सुया दोन. एक खरी, एक तिच्या शेजारी. खोट्या सुईत दोरा ओवत बसले होते. प्रज्ञाने ओवून दिला. चष्मा लागला असेल, वय झालं. जयंती झाली की डोळे तपासून घेईन.

उठताना भिंत धरावी लागते. जमीन बोटीसारखी हलते. थोडेच ब्लाऊज राहिलेत. होतील. मी दिलेला शब्द आजवर मागे घेतलेला नाही.

४ एप्रिल

ओळी एकावर एक दिसतात. काल काय लिहिलं, लिहिलं का, आठवत नाही. दोन ब्लाऊज राहिले. उद्या लंकाबाईचा ब्लाऊज तिला घालून बघायला नेऊन देते.

१७ एप्रिल, पुणे, दवाखाना

आज ओळी परत एकेकट्या दिसतात. म्हणून आधी त्या दिवसाचं लिहिते. थोडं मला आठवतं, थोडं बाकीच्यांनी सांगितलं.

पाच तारखेला दुपारी लंकाबाईकडे गेले, ब्लाऊज दिला आणि भिंती धरत धरत परत आले. उंबऱ्याशी चपला काढायला वाकले, तर एकाच पायात चप्पल. डावा पाय नुसता. बघतेय तोवर आत्या गल्लीतून आल्या. त्यांच्या हातात माझी चप्पल.

"ही तुझीच ना? लंकाच्या दारात पडली व्हती."

मी म्हणाले, असेल.

"म्हंजी तिथनं हितवर तू अनवाणी आलीस? ह्या डांबरावरनं?"

त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि डावा पाय मांडीवर घेतला. तळव्याला फोड आलेले, एक फुटलेला. आत्या वर न बघता म्हणाल्या, "कळतंय का?"

"काय?"

 मी वाकून बघितलं. त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावर दाबून धरलेला होता, किती वेळचा कोण जाणे.

मला आईचा पाय दिसला. मी रडले, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. आत्या रडल्या नाहीत. प्रज्ञाला म्हणाल्या, "पळ, दुर्बिणीवर जा. बापाला म्हणावं, गाडी घिऊन ये. हातातलं काम टाकून ये."

दवाखान्यात डॉक्टर मला विचारत होते, उलट्या किती दिवस? मी सवयीने म्हणाले, अधूनमधून. तर आत्या मध्ये पडल्या. "डाक्टर, हिचं काय बी धरू नका. दोन म्हैनं व्हत आलं, पोटात पाण्याचा थेंब ठरत न्हाई. मोरी मीच धुती रोज. हिला वाटतंय कुणाला ठावं न्हाई. मी वाट बघत व्हती, आज सांगंल, उद्या सांगंल. लई हेकट हाय. अन् मी बी तसलीच, मी बी इचारलं न्हाई." मग पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

डॉक्टरांनी आधी साखर बघितली. अगदी ठीक होती. इतके दिवस जिला उपाशी मारत होते ती साखर कधीच जागेवर आलेली! मग त्यांनी समजावून सांगितलं ते मी नीट ऐकलं. जिथे जठराला आतडं जोडलं होतं तो जोड आक्रसत गेला, पेन्सिलही जाणार नाही एवढा झाला. कधीकधी असं होतं, त्यात माझ्या जिभेचा दोष नव्हता. लवकर आले असते तर नळी घालून फुग्याने तो ताणला असता आणि विषय संपला असता. पण इतके दिवस अन्नही नाही, गोळ्याही नाहीत, त्यामुळे एक जीवनसत्त्व अंगातून पार संपलं. त्याच्यावाचून आधी पायांच्या नसा जातात, मग डोळे, मग डोकं. "तुमच्या आईचे पाय साखरेने बधिर झाले," डॉक्टर म्हणाले. "तुमचे उपासमारीने. आणखी आठवडा गेला असता तर मी तुमच्याशी असं बोलत बसलो नसतो."

त्याच रात्री शिरेतून इंजेक्शनं सुरू केली. दोनतीन दिवसांत डोळे जागेवर आले. जोड एकदा ताणून झाला, परत एकदा ताणायचाय. काल चार चमचे मुगाचं कढण प्यायले. खाली गेलं आणि खालीच राहिलं. पायांचं मात्र डॉक्टर वायदा करत नाहीत. येईल, हळू येईल, कदाचित सगळं नाही येणार.

रत्नदीप रोज उशाशी बसतो. आज आपणहून बोलला. "आई दोन म्हैनं नीट जेवलीच न्हाई. म्हणायची, ती तिकडं वकतीय, माझ्या घशाखाली कसा उतरंल घास? मला दिसत व्हतं सगळं. मी बोलायला पायजे व्हतं." मी म्हणाले, मीही. ती अर्धी भाकरी मी टोमणा समजत होते. आता ती आठवली की लाज वाटते.

लंकाबाई जयंतीच्या दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या. अंगात निळा ब्लाऊज, बाहीवर माझी नागमोडी टीप. मी म्हणाले, लंकाबाई, ते उसवा हो, माझं नाक कापलं.

"का म्हणून उसवू? सगळ्यांनी असंच घातलं. कुणाची बाही वाकडी, कुणाचा गळा. मिरवणुकीत म्हणलं आमी, ही यशोधरानं दुखण्यात घातलेली टीप हाय. उसवायची तर तिनंच उसवायची. म्हणून लवकर घरी ये."

३ मे, खोडद

घरी येऊन आठवडा झाला. जोड दुसऱ्यांदा ताणला, आता नीट उघडा आहे. सकाळी एक अंडं, दोनदा थोडं थोडं करून. दुपारी मासवडीच्या आतलं सारण वगळून बाहेरचं मऊ बेसन, चावून चावून. गोळ्या कुटून घेते, एकही चुकवत नाही.

आत्यांनी नियम केलाय. "वकलीस का हाक मारायची. गुपचूप वकायचं न्हाई ह्या घरात." काल मासळीचा घास अडकला तेव्हा मी मोरीतून मोठ्याने ओरडले, "आत्या, वकले!" शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा वळून बघायला लागली. आत्या तांब्या घेऊन आल्या आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाईंचा फोन आला तरी त्या शेजारी उभ्या असतात, मी खरं सांगतेय की नाही ते ऐकायला.

पायाखाली अजून कापूसच आहे. चालताना पायांकडे बघत चालावं लागतं. रोज दोन्ही तळवे आरशात बघते, कुठे खरचटलंय का. डांबरावरची जखम भरत आलीय. पायडल काही चालवता येत नाही. पण मी घरात बसून राहणार नाही. भागूला बोलावलं. तो आला, मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी, मला त्या दिशी तुमचं पाय सुजल्यावानी दिसलं व्हतं. बायामाणसाला कसं बोलायचं म्हणून गप बसलो." या गावात सगळ्यांना सगळं दिसतं आणि सगळे मर्यादेने गप्प बसतात, मीही त्यातलीच. त्याने मशीनच्या चाकाला हाताने फिरवायचा दांडा बसवून दिला.

आता मी कापड धरते आणि आत्या दांडा फिरवतात. जात्यावर दळल्यासारख्या फिरवतात. "हळू, आत्या, हळू!" "हळूच तर चाललंय." आज पहिला निळा ब्लाऊज उसवून परत शिवला. टीप अजून थोडी वाकडी आहे, पण यावेळी ती दोघींची आहे.

२० मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात वंदना झाली. चपला काढताना दोन्ही पायांत होत्या ना, हे बघून घेतलं. खिरीचं मोठं पातेलं आत्यांनी केलं होतं. माझ्यासाठी वेगळी वाटी, बिनसाखरेची. "आळणी खीर मी जल्मात पैल्यांदा केली," म्हणाल्या, आणि समोर बसल्या. मी एक चमचा खाल्ला. थांबले. दुसरा खाल्ला. अर्धी वाटी खाऊन ठेवून दिली, कारण आता पुरे असं वाटण्याच्या अलीकडे थांबायचं असतं. खीर खाली राहिली. समोर आत्यांनी आपली वाटी बोटाने पुसून खाल्ली.

गोड खीर सगळ्यांना वाढताना पळीतला थेंब माझ्या पायावर पडला. तो मी प्रज्ञाने सांगितलं म्हणून बघितला. पुसते म्हटलं आणि राहून गेलं.

दुपारी घर निजलं होतं. मी मशीनवर जाऊन बसले, नुसती. दोन्ही पाय उघडेच पायडलवर ठेवले. रोज ठेवते, चालवत नाही. पायांना त्यांचं काम विसरू द्यायचं नाही. लंकाबाईचा ब्लाऊज मांडीवर घेऊन बाहीची टीप उसवत होते.

आणि डाव्या पायाच्या करंगळीपाशी सुई टोचली.

"आई गं!"

आत्या झोपेतून धडपडत उठून आल्या, हातात तांब्या. "वकलीस?"

"चावली!"

"काय चावलं? इच्चू?"

"मुंगी! आत्या, मुंगी चावली!"

खिरीच्या वाळलेल्या थेंबावर लाल मुंगी चिकटली होती. आत्या वाकल्या आणि तिला चिरडायला हात उचलला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, नको, खाऊ दे तिला.

आत्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मुंगीकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. कसंबसं विचारलं, "दुखतंय?"

"लई दुखतंय," मी म्हणाले.

आत्या तिथेच फरशीवर बसल्या, माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी आज पहिल्यांदा बघितलं.